कोंबडीएवढ्या डायनोसॉरच्या मागावर : बव्हेरियातले पाच दिवस

दिवस पहिला : म्युनिक

आमच्या घरातल्या तीन पिढ्या छापखान्यात गेल्या. आजोबा शिळाछापावर, वडील खिळे जुळवायला आणि मी ऑफसेटवर. त्यामुळे दगडाशी माझा संबंध आला तो छपाईतून. डायनोसॉर हे खातं माझ्या नातवाचं. चिनू नऊ वर्षांचा आहे, इंगोलश्टाटच्या शाळेत जर्मन बोलतो, घरात मराठी बोलतो आणि डायनोसॉरची नावं झोपेतही बिनचूक घेतो. सप्टेंबरात लेकीकडे गेलो तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजोबा, तुमचा आवडता कोण?" मी म्हटलं, "एखादा लहानसा असला तर सांग. मोठ्यांची मला भीती वाटते." त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग कॉम्प्सोग्नाथस. तो इथलाच आहे."

इथलाच म्हणजे खरोखर इथलाच. लेकीच्या घरापासून जेमतेम तासाभराच्या अंतरात सापडलेला. पण तो ठेवलाय म्युनिकला, म्हणून सुरुवात तिथून केली. क्योनिग्सप्लाट्झजवळ रिशार्ड-वाग्नर रस्त्यावर पुराजीवशास्त्राचं संग्रहालय आहे. तिकीट नाही. मात्र शनिवार-रविवारी ते सहसा बंद असतं, त्यामुळे लेकीला सुट्टी काढावी लागली. आत शिरलं की काचेच्या छताखाली म्यूलडॉर्फला सापडलेल्या प्राचीन हत्तीचा प्रचंड सांगाडा उभा आहे. सगळे आधी त्याच्याभोवती गोळा होतात. चिनूने मला दंडाला धरून पुढे नेलं.

फिकट पिवळसर दगड, आणि त्यात तपकिरी हाडांचा एक वळसा. अंगाची लांबी ८९ सेंटिमीटर सांगतात, पण तेवढा तो वाटत नाही, कारण मान पाठीवर उलटी वळलेली आहे आणि शेपूटही सरळ नाही. शेपटीचा टोकाकडचा भाग तर नाहीच. कवटी माझ्या तर्जनीएवढी. जबड्यातले दात बघायला चश्मा काढून नाक काचेला लावावं लागलं. पुढचे हात अगदीच तोकडे. आणि मग पाय! मांडीपेक्षा नडगी लांब, नडगीखाली पुन्हा लांबलचक पाऊल. हा प्राणी दोन पायांवर पळणारा होता हे कुणी न सांगताही कळतं. शास्त्रीय नावातलं 'लाँगिपेस' म्हणजे लांब पावलांचा, आणि 'कॉम्प्सोग्नाथस' म्हणजे नाजूक जबड्याचा. योहान आंद्रेआस वाग्नर यांनी हे नाव १८५९ साली ठेवलं. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला तेच हे वर्ष. वाग्नर उत्क्रांतीच्या विरोधातले. गंमत अशी की त्यांनीच नाव दिलेला हा प्राणी पुढे उत्क्रांतीच्या बाजूचा साक्षीदार झाला. १८६४ साली कार्ल गेगेनबाउर यांना याचा घोटा पक्ष्यांसारखा दिसला आणि १८६८ साली थॉमस हक्सले यांनी पक्षी आणि डायनोसॉर यांच्या नात्याची गोष्ट मांडताना याच प्राण्याचा आधार घेतला.

पण चिनूला मला दाखवायचं होतं ते पोट. बरगड्यांच्या आत आणखी एक हाडांचा गुंता आहे. फार बारीक. १८८१ साली अमेरिकेतल्या ऑथनील मार्श यांना वाटलं की हा पोटातला गर्भ. १९०३ मध्ये फ्रान्झ नोप्चा यांनी ओळखलं की गर्भ कसला, ही तर गिळलेली पाल आहे. पालच म्हणू या, सरड्यांच्या जातीतली लांब शेपटीची, चपळ. म्हणजे शेवटचं जेवण पोटात असतानाच हा मेला. त्या पालीला २०१८ साली स्वतःचं नाव मिळालं : श्योनेसमाल डिस्पेप्सिया. 'श्योनेस माल' म्हणजे जर्मनमध्ये छानसं जेवण, आणि डिस्पेप्सिया म्हणजे अपचन. शास्त्रज्ञही असले विनोद करतात हे मला ठाऊक नव्हतं.

"आजोबा, तुम्हालाही डिस्पेप्सिया आहे ना?" चिनूने मोठ्याने विचारलं. लेक दुसरीकडे बघू लागली.

मान अशी उलटी का, यावर बरेच तर्क झालेत. मरताना आचके दिले, विष होतं, वगैरे. मला पटला तो पाण्याचा खुलासा. मानेच्या वरच्या बाजूने एक ताणलेला लवचिक बंध असतो. प्राणी जिवंत असताना स्नायू आणि डोक्याचं वजन त्याला तोलून धरतात. प्रेत पाण्यात पडलं की वजन हलकं होतं आणि तो बंध मान मागे खेचतो. संशोधकांनी मेलेल्या कोंबड्या पाण्यात टाकून पाहिल्या, तर त्यांच्याही माना तशाच वळल्या.

या संस्थेची जुनी जागा शहराच्या मध्यावर होती. १९४४ च्या एप्रिलमध्ये बॉम्बहल्ल्यात ती जळाली आणि इजिप्तहून आणलेल्या स्पायनोसॉरसची अवाढव्य हाडं त्यात गेली. हा छोटा वाचला. बाहेर पडताना चिनू त्या हत्तीकडे बघून म्हणाला, "मोठे असले की लपवता येत नाही." इतिहास म्हणून हे कितपत खरं ते सोडा, पण मला पटलं.

दिवस दुसरा : आइशस्टेट, खाण

इंगोलश्टाटहून ट्रॉइश्टलिंगेनकडे जाणाऱ्या गाडीने आइशस्टेटच्या स्टेशनवर उतरायचं. पण हे स्टेशन गावापासून पाच किलोमीटर लांब! तिथून एक छोटी गाडी गावात नेऊन सोडते. आपल्याकडे नेरळहून माथेरानला जाताना गाडी बदलतात तसं वाटलं, फक्त इथे माकडं नव्हती.

गावाच्या वर ब्लूमेनबेर्ग नावाच्या टेकाडावर हौशी लोकांसाठी खाण आहे. हातोडा-छिन्नी भाड्याने मिळते. आम्ही दोघांनी घेतली. लेक सावलीत पुस्तक घेऊन बसली.

खाण म्हणजे मला वाटलं होतं तसा खड्डा नव्हे. उघडा, पांढुरका उतार, त्यावर पापुद्र्यांचे ढीग, आणि चहूकडून टक टक टक. पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की हा दगड मी ओळखतो. हाताला कळलं. तो थंड, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा स्पर्श. छिन्नी कडेला लावून हलकेच ठोकली की तो पुस्तकासारखा उघडतो. चांगली फरशी ठोकली तर खणखणीत वाजते, भेगाळलेली असेल तर बद्द आवाज येतो. माठ घेताना बोटाने वाजवून बघतो ना आपण, अगदी तसं. इथले खाणकामगार कठीण थराला फ्लिंझ म्हणतात आणि मधल्या भुसभुशीत थराला फॉयले. फॉयले म्हणजे सडका. फ्लिंझ विकायचा, फॉयले फेकायचा.

पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. स्पंज आणि प्रवाळांच्या भिंतींनी त्याची शांत तळी झाली होती. आत पाण्याची ये-जा कमी. ऊन कडक. तळाशी खारट, जड पाणी साचलं, प्राणवायू संपला. तिथे काही जगत नव्हतं, त्यामुळे वरून पडलेलं प्रेत खायलाही कुणी नव्हतं. त्यावर चुन्याचा अतिशय बारीक चिखल बसत राहिला. माशाचे काटे, चतुराच्या पंखांच्या शिरा, खेकड्याच्या मिशा, सगळं त्यात उमटलं. एक राजखेकडा तर असा सापडलाय की आधी त्याच्या पावलांची रांग आणि रांगेच्या टोकाला तो स्वतः. आपला कॉम्प्सोग्नाथस पाण्यातला नव्हे. तो बेटांवरचा. पुरात वाहून आला असेल, नाहीतर किनाऱ्यावर मेलेला लाटेने ओढला असेल.

तासाभराने मला एक फरशी मिळाली. उघडली तर आत नाजूक काळी नेच्याची पानं! मी हाका मारून सगळी खाण गोळा केली. शेजारी काम करणाऱ्या, उन्हाने लाल झालेल्या एका बव्हेरियन आजोबांनी ती हातात घेतली, प्रेमाने हसले आणि म्हणाले, "डेंड्रिटेन." चिनूने भाषांतर केलं : "आजोबा, हे झाड नाही. भेगेतून पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज असं पसरतं. सगळे फसतात." मी ती फरशी तरीही पिशवीत टाकली. फसवणूक सुंदर होती.

दुपारी अडीचच्या सुमाराला चिनू एकदम गप्प झाला. मुलगा गप्प झाला की काहीतरी मोडलं असं आम्ही समजतो. जाऊन बघितलं तर तळहातावर फरशीचा तुकडा आणि त्यावर आठ आण्याच्या नाण्याएवढा कोळ्यासारखा डाग. मधे ठिपका, भोवती वेटाळलेले हात. साक्कोकोमा. तारामाशांच्या गोतावळ्यातला, पाण्यात तरंगणारा जीव. इथे हा ढिगाने मिळतो, दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. पण ते चिनूला सांगण्याची माझी छाती झाली नाही. लाल आजोबांनीही सांगितलं नाही. त्यांनी टोपी काढून त्याला सलाम केला.

तिथे बसून भाकरीसारखे दगड उलटताना एक गोष्ट डोक्यात आली. या खाणींतून इतके जीवाश्म का निघाले? दगड चांगला होता, बरोबर. पण चांगला दगड सुरुंग लावून फोडला असता तर चुरा झाला असता. इथे शेकडो वर्षं प्रत्येक फरशी माणसाच्या हाताखालून गेली. छपरावर घालायची, जमिनीवर बसवायची, छपाईला द्यायची, म्हणून प्रत्येकीच्या दोन्ही बाजू कुणीतरी निरखल्या. डाग आहे का, भेग आहे का. जीवाश्म हा त्या माणसाच्या लेखी डागच. शास्त्रज्ञांनी नावं दिली, पण आधी पाहिलं ते रोजंदारीवरच्या माणसाने.

दिवस तिसरा : आइशस्टेट, पाऊस

सकाळपासून पाऊस. गुडघा दुखत होता. विलिबाल्ड्सबुर्ग हा किल्ला गावाच्या डोक्यावर आहे आणि त्यातच युरा संग्रहालय. चढ बेताचाच, पण आदल्या दिवशी उकिडवं बसून दगड फोडलेल्या माणसाला सिंहगडच.

इथे कॉम्प्सोग्नाथसचा भाऊबंद आहे : युराव्हेनाटर. १९९८ साली जवळच्या शामहाउप्टेनला हौशी संशोधकांना सापडला, २००६ साली त्याचं नाव जाहीर झालं. जवळजवळ पाऊण मीटरचं पिल्लू. त्याचं लाडाचं नाव बोर्स्टी. जर्मनीत राठ केसांच्या कुत्र्याला हे नाव ठेवतात. तोवर चीनमध्ये पिसांचे छोटे डायनोसॉर निघाले होते, तेव्हा यालाही राठ पिसं असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. साफ करून बघतात तर शेपटीवर चक्क खवले! बारसं आधी झालं आणि मूल नंतर पाहिलं, अशातली गत. पुढे अतिनील प्रकाशात बघितल्यावर बारीक तंतूंच्या खुणाही दिसल्या, त्यामुळे नाव अगदीच वाया गेलं नाही.

याच मजल्यावर आर्किऑप्टेरिक्स या पिसांच्या आदिपक्ष्याचा आइशस्टेट नमुना आहे, लहानखुरा आणि अतिशय देखणा. युराव्हेनाटर पाहून लगेच याच्याकडे वळलं तर फरक शोधावा लागतो. दात याला, दात त्याला. हाडांची लांब शेपटी दोघांना. पिसांचे ठसे काढून घेतले तर काय उरेल? हा प्रश्न दुसऱ्या दिवशी भलत्याच प्रकारे सुटला.

जेवायला गावातल्या एका खाणावळीत गेलो. 'मांस नाही' असं चार वेळा विचारून मागवलेल्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. वाढणाऱ्या बाईंचं म्हणणं, ते चवीपुरते आहेत. मी पाव खाल्ला. चिनूने माझं सूप संपवलं.

दिवस चौथा : झोल्नहोफेन

खरं सांगायचं तर हा दिवस मी माझ्यासाठी राखून ठेवला होता.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात न्हाणीघराशेजारी एक दगड होता. चार बोटं जाड, पिवळट, अंगाने अगदी सपाट. आजी त्यावर कपडे धुवायची. तो कुठून आला हे आम्हा मुलांना कथेसारखं पाठ होतं. आजोबांच्या छापखान्यात जस्ताच्या पत्र्यांवर छपाई सुरू झाली आणि शिळा निकामी ठरल्या, तेव्हा दोन शिळा त्यांनी हातगाडीवर घालून घरी आणल्या. "जर्मनीचा दगड आहे, जपून," असं ते आजीला सांगायचे. आजी त्याच दगडावर चिंच लावून तांब्या-पितळेची भांडी घासायची. चुनखडीला आंबट लागलं की ती खाल्ली जाते. दोन-चार वर्षांत दगडाच्या एका कडेला देवीच्या व्रणांसारखी खळगी पडली. आजोबा त्या खळग्यांकडे पाहायचे आणि काही न बोलता बाहेर जायचे.

झोल्नहोफेनला गाडीतून उतरलो आणि समोरच्या घरांची छपरं पाहून उभाच राहिलो. कौलं नाहीत, पत्रे नाहीत. त्याच दगडाच्या पातळ चिपा एकावर एक रचलेल्या. सगळं गाव आमच्या न्हाणीच्या दगडाखाली राहतं!

गावात आलोइस झेनेफेल्डरचा पुतळा आहे. नाटकं लिहिणारा माणूस, पण ती छापायला पैसे नाहीत. म्हणून स्वतःच छापायचे प्रयोग करत होता. १७९६ साली म्युनिकमध्ये आईने धोबिणीला द्यायच्या कपड्यांची यादी लिहून घे म्हणून सांगितलं, हाताशी कागद नव्हता, तेव्हा त्याने मेणकट शाईने ती दगडावरच लिहिली. त्यातून सुचत सुचत शिळाछाप जन्मला. तत्त्व साधं : तेल आणि पाणी यांचं वैर. दगडावर तेलकट खडूने उलटं लिहायचं, बाभळीचा डिंक आणि पातळ तेजाब फिरवायचं, मग दगड ओला करायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट रेघांवर बसते. कागद दाबला की सुलट छाप. एवढ्यासाठी दगड असा हवा की पाणी पिईल पण ढोसणार नाही, आणि कण इतका बारीक हवा की केसाएवढी रेघ धरेल. जगभर शोधूनही या गावच्या दगडाला तोड मिळाली नाही. आजोबा सांगायचे, निळसर दगड बारीक कामाला, पिवळा जाड अक्षरांना. इथल्या दुकानदारानेही अगदी तेच सांगितलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. पुण्यातला एक कारागीर आणि हा, मध्ये सत्तर वर्षं, आणि वाक्य तेच.

धोबिणीच्या यादीपासून सुरू झालेला दगड शेवटी धुण्याचा दगड झाला, हे आजीला कळलं असतं तर ती म्हणाली असती, "मग मी काय वेगळं केलं?"

राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला तो कारखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. फ्रिट्झ श्लायशर हे जर्मन तंत्रज्ञ तिथे होते आणि नंतर तेच मालक झाले. आपल्या देवघरांतल्या लक्ष्मी-सरस्वती तिथल्या शिळांवरून उमटल्या, एकेका रंगाला एकेक शिळा.

आता गावातलं संग्रहालय. पूर्वी ते बिर्गरमाइस्टर म्युलर यांच्या नावाचं होतं. बिर्गरमाइस्टर म्हणजे नगराध्यक्ष. हे म्युलर हौशी संग्राहक होते आणि त्यांच्या संग्रहात एक हाडांची फरशी होती. त्यांनी ती कॉम्प्सोग्नाथस म्हणून ठेवली होती. बरीच वर्षं ती त्याच नावाने राहिली. मग तज्ज्ञांनी नीट पाहिलं तेव्हा पुसट पिसांच्या खुणा दिसल्या, आणि १९८८ साली जाहीर झालं की हा आर्किऑप्टेरिक्स आहे! काल मला पडलेल्या प्रश्नाचं हे उत्तर. पिसं दिसली नाहीत तर जाणकारही फसतात. माझ्या डेंड्रिटेनबद्दल मला आता कमी लाज वाटते.

त्या आदिपक्ष्याचं पूर्ण नाव आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. म्हणजे शिळाछापाचा. १८६१ साली हेर्मान फॉन मायर यांनी ठेवलेलं. वाग्नर यांनीही हा दगड लिहिताना शिळाछापाचा दगड असाच उल्लेखला होता. आजोबांच्या धंद्याचं नाव एका पक्ष्याला आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

चिनूचं लक्ष मात्र स्कियुरुमिमसकडे. २०१२ साली जाहीर झालेलं हे पिल्लू खारीसारख्या झुपकेदार शेपटीचं आहे. आता हे बघून कॉम्प्सोग्नाथसच्या अंगावरही तंतू असतील असं वाटतं, पण त्याच्या फरशीवर तसं काही उमटलेलं नाही. चित्रकार त्याला पिसं काढतात, जुने चित्रकार खवले काढायचे. तसंच त्याच्या वेगाचं. २००७ साली संगणकावर केलेल्या एका अभ्यासात ताशी ६४ किलोमीटर निघाले. तीन किलोच्या आत-बाहेरचा प्राणी शहामृगाबरोबर पळणार? तज्ज्ञांनीही त्यावर शंका घेतली आहे. आणि सिनेमात दाखवतात तशा टोळ्यांना तर काहीच आधार नाही. आजवर नीट सापडले दोनच. एक हा, दुसरा फ्रान्समधला, सव्वा मीटरचा. फ्रान्समधल्याला सुरुवातीला हातांच्या जागी वल्ह्यासारखे पंजे आहेत असं वाटलं आणि त्याला पोहणारा ठरवलं गेलं. १९७८ साली जॉन ऑस्ट्रॉम यांनी ते खोडून काढलं.

आमच्या वाड्यातला दगड? वाडा २००९ साली पाडला. बिल्डरला मी तीनदा सांगून ठेवलं होतं. राबिटाबरोबर ट्रकमध्ये गेला. झोल्नहोफेनच्या दुकानातून मी वहीएवढी एक शिळा विकत घेतली, दोन किलो तीनशे ग्रॅम. लेकीने सामानाच्या वजनाचं नाव काढलं. मी दोन सदरे तिच्याकडे ठेवून जाईन म्हटलं.

दिवस पाचवा : रीडेनबुर्ग, याखेनहाउझेन, केलहाइम

रविवार होता, जावई मोकळे होते, म्हणून गाडी. आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यातून खाली खाली. वरच्या अंगाला ही नदी इतकी संथ की पाणी कुठल्या दिशेला जातं ते पान टाकून बघावं लागतं. रीडेनबुर्गपाशी मात्र ती मोठ्या कालव्याचा भाग झाली आहे आणि तिच्यावर बोटी आहेत.

कॉम्प्सोग्नाथस मिळवला तो डॉक्टर योझेफ ओबर्नडॉर्फर यांनी, १८५० च्या दशकात. केलहाइमचे सरकारी वैद्य आणि जीवाश्मांचे नादिष्ट संग्राहक. १८६० च्या दशकात त्यांचा संग्रह म्युनिकला गेला. पण प्राणी नेमका कुठल्या खाणीत मिळाला ते या गृहस्थाने लिहूनच ठेवलं नाही. रीडेनबुर्ग-केलहाइमचा परिसर, एवढंच नंतरच्या अभ्यासकांनी त्यांच्या इतर जीवाश्मांवरून आणि दगडाच्या जातीवरून ठरवलं. त्यात याखेनहाउझेनचं नाव पुढे आहे.

म्हणून याखेनहाउझेन. घाट चढून पठारावर गेलो. चर्चचा मनोरा, मक्याची शेतं, घरांपुढे रचलेली लाकडं, आणि रविवारची ती जर्मन शांतता, ज्यात गाडीचं दार लावलं तरी अपराध केल्यासारखं वाटतं. पाटी नाही, पुतळा नाही. पुतळा ठेवणार तरी कुठे? नांगरलेल्या एका शेताच्या बांधावर पांढुरक्या चिपांचा ढीग होता. चिनूने दोन उचलल्या, कानाशी वाजवल्या, जागच्या जागी ठेवल्या. खाणीतल्या आजोबांनी त्याला तशी सवय लावली होती. आम्ही बांधावर बसून पोळीची गुंडाळी खाल्ली. समोर दीड कोसभर पठार आणि त्यात कुठेतरी, किंवा नाहीच, ती जागा.

केलहाइमला आल्टम्यूल डॅन्यूबला मिळते. टेकडीवर पहिल्या लुडविग राजाने बांधलेली प्रचंड गोल इमारत आहे, नेपोलियनविरुद्धच्या लढ्याची आठवण म्हणून. ती १८६३ साली पुरी झाली. म्हणजे ओबर्नडॉर्फर रोगी तपासायला बाहेर पडायचे तेव्हा वर परांच्या बांधलेल्या असणार, आणि त्यांच्या घरात कपाटात हा कोंबडीएवढा प्राणी. सगळं गाव वर बघत होतं.

धक्क्यावर बोटीची वाट बघताना चिनूने विचारलं, "पण डॉक्टरांनी जागा का नाही सांगितली?"

जावई म्हणाले, दुसरे लोक जाऊन खणतील म्हणून. मी म्हटलं, "माझे आजोबा दगडावर लिहायची शाई स्वतः करायचे. मेण, साबण, काजळी, लाख. किती काय घालायचं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझ्या वडिलांनाही नाही."

"मग ती शाई आता?"

"गेली."

तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. तेवढ्यात त्याच्या मित्राचा फोन आला, वर्गातला, त्यालाही दगडांचा नाद आहे. चिनू जर्मनमध्ये भराभर बोलत होता. साक्कोकोमा, साक्कोकोमा असं दोनदा ऐकू आलं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. चिनूने माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि उत्तर दिलं.

"काय विचारलं त्याने?" मी विचारलं.

"खाणीत कुठल्या कोपऱ्यात मिळाला ते."

"मग?"

"मी म्हटलं, आठवत नाही."

बोट लागली होती. तो उड्या मारत पुढे गेला. खिशात मोज्यात गुंडाळलेला दगड होता, त्यावर एक हात दाबून.